लोबान : धुरामागचे झाड

दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी फिरणारे धूपपात्र, पारशी घरात सुखडीबरोबर अग्नीला वाहिली जाणारी चिमूट, चर्चच्या वेदीपुढे साखळ्यांवर झुलणारी धुपदाणी आणि आपल्या देवघरातील धुपाटणे, या चारही ठिकाणांहून उठणाऱ्या धुराला सर्वसामान्य माणूस एकच नाव देतो : लोबान. मात्र हे नाव जितके परिचित, तितकीच ती वस्तू अपरिचित. ती कोणत्या झाडापासून मिळते, ते झाड कोठे उगवते, त्यातून ती काढतात कशी आणि बाजारात ‘लोबान’ म्हणून मिळणारा खडा खरोखर लोबानच असतो काय, याविषयी बहुतेकांना माहिती नसते. इतिहासात या खड्याने राज्ये पोसली, वाळवंटात शहरे उभी केली आणि प्रसंगी माणसांचे प्राणही घेतले. आज त्याच्या झाडावरच संकट आले आहे.

लोबान हा ‘बॉसवेलिया’ या प्रजातीतील झाडांच्या सालीतून पाझरणारा व हवेत सुकून घट्ट होणारा स्राव होय. गुग्गुळ आणि हिराबोळ देणारी झाडेही याच कुळातील. या खड्याचा मोठा भाग राळेचा असतो, काही भाग पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा आणि थोडा उडनशील तेलाचा. निखाऱ्यावर टाकताच जो लिंबासारखा, किंचित देवदाराची आठवण देणारा गंध दरवळतो तो या तेलाचा; नंतर रेंगाळतो तो राळेचा. डिंकामुळेच खडा पाण्यात भिजवला की पाणी दुधासारखे होते. अरबीत त्याला ‘लुबान’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘पांढरा’ हा अर्थ आहे आणि दुधाला असलेला ‘लबन’ हा शब्दही त्याच धातूचा. हिब्रूतील ‘लेव्होना’ त्याचाच भाऊबंद. चिनी भाषेत तर त्याचे नाव सरळसरळ ‘दूध-सुगंध’ असे आहे. साल छेदताच बाहेर येणारा पांढराशुभ्र थेंब ज्याने पाहिला आहे, त्याला या नावांचे नवल वाटणार नाही. इंग्रजीतील ‘फ्रँकिन्सेन्स’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ अस्सल, उत्तम प्रतीचा धूप.

आता नावांच्या गोंधळाविषयी थोडे. अरबीत ‘ऊद’ म्हणजे अगरूचे सुगंधी लाकूड. मराठीत मात्र ‘ऊद’ म्हणजे जाळण्याचा राळेचा खडा. ‘उदबत्ती’ आली ती त्यावरूनच. त्यातही आपल्या बाजारात ऊद किंवा लोबान म्हणून जो तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचा, व्हॅनिलासारख्या गोडसर वासाचा खडा मिळतो, तो पुष्कळदा बॉसवेलियाचा नसतोच. तो सुमात्रा व थायलंडकडील ‘स्टायरॅक्स’ झाडांचा असतो. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान म्हणत. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच नावाने त्याचा उल्लेख करतो. या नावातील पहिले अक्षर युरोपीय तोंडी गळाले आणि ‘बेंजोईन’ हा शब्द तयार झाला. रसायनशास्त्रातील बेंझोइक आम्ल आणि पेट्रोलच्या संदर्भात ऐकू येणारे बेंझीन ही नावेही त्याच धुराची अपत्ये आहेत. याशिवाय सालवृक्षाची राळ, सह्याद्रीतील काळा धूप, गुग्गुळ हे सारे ‘धूप’ याच नावाखाली विकले जातात. दुकानदार खोटे बोलतो असे नव्हे; शब्दच इतके सैल झाले आहेत की खरे-खोटे ठरवावे कशावरून?

खऱ्या लोबानाची भूमी म्हणजे अरबी द्वीपकल्पाचा दक्षिण किनारा आणि समोरचे आफ्रिकेचे शिंग. ओमानचा धोफार प्रांत, येमेनचा हद्रमौत व महरा, आणि एडनच्या आखातापलीकडील सोमाली डोंगर येथे ‘बॉसवेलिया सॅक्रा’ वाढते. सोमाली किनाऱ्यावर ‘बॉसवेलिया फ्रेरिआना’ ही आणखी एक जात आहे. तिचा पिवळसर खडा ‘मैदी’ नावाने विकला जातो आणि तो चघळण्यासाठीही वापरतात. इथिओपिया, एरिट्रिया व सुदान येथील ‘बॉसवेलिया पॅपिरिफेरा’ हे कागदासारखी साल सुटणारे झाड जगाच्या बाजारातील लोबानाचा फार मोठा वाटा पुरवते. सोकोत्रा या बेटावर तर इतरत्र कोठेही न आढळणाऱ्या अनेक जाती आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्याच्या अंतराने आलेल्या ‘चपाला’ आणि ‘मेघ’ या दोन चक्रीवादळांनी त्यांतील बरीच झाडे उन्मळून टाकली.

धोफारमधील या झाडाचे ठिकाण मोठे चमत्कारिक आहे. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात धोफारच्या समुद्राकडील डोंगरांना धुके व रिमझिम देतात. तो ऋतू तेथे ‘खरीफ’ म्हणून ओळखला जातो. आपला ‘खरीप’ तोच. या चार महिन्यांत सलाला शहराभोवतीचे डोंगर कोकणासारखे हिरवेगार होतात. लोबानाचे झाड मात्र या हिरवाईत नाही. ते डोंगराच्या पाठीमागे, जेथे धुक्याची केवळ गार झुळूक पोहोचते पण पाऊस पोहोचत नाही, अशा चुनखडीच्या उजाड पट्ट्यात उभे असते. फार ओलावा त्याला मानवत नाही आणि निव्वळ वाळवंटही सोसत नाही. सोमाली डोंगरांत तर काही झाडे उघड्या कड्याला बुंध्याच्या फुगीर चकतीने चिकटलेली असतात. खोदून लावावे आणि पाणी घालून वाढवावे, असे हे पीक नव्हे.

लोबान काढण्याची रीत दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. झाड आठ-दहा वर्षांचे झाले की त्याला हात लावतात. धोफारमध्ये उन्हाळ्याचा ताप वाढू लागला की, म्हणजे साधारणतः एप्रिलपासून, कामाला सुरुवात होते. ‘मन्कफ’ नावाचे बोथट पात्याचे, लाकडी मुठीचे हत्यार असते. त्याने खोडाची वरची साल छोट्या चकतीएवढी तासली जाते; खोल घाव घालायचा नसतो. घावातून पांढरे थेंब ठिबकतात आणि सुकून चिकटून राहतात. सुमारे दोन आठवड्यांनी माणूस परत येतो आणि तो थर खरवडून काढतो. हा पहिला माल हलका समजतात. मग तीच जागा पुन्हा किंचित तासली जाते आणि पुन्हा प्रतीक्षा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून निर्मळ, दाणेदार अश्रूंसारखे थेंब मिळू लागतात आणि तो खरा माल. धोफारमध्ये प्रदेशानुसार प्रती ठरलेल्या आहेत : होजरी, नज्दी, शझरी, शाबी. त्यात होजरी सर्वश्रेष्ठ, आणि त्यातही हिरवट झाक असलेला पारदर्शक खडा सर्वांत महाग.

झाडे टोळ्यांच्या आणि कुटुंबांच्या वहिवाटीची. धोफारमध्ये मालक स्थानिक असला तरी घाव घालण्याच्या कामावर सोमाली मजूर येतात. सोमालीलँडमध्ये गोळा केलेला माल गोदामात येतो आणि तेथे स्त्रिया तासन्‌तास जमिनीवर बसून आकार, रंग व स्वच्छता यांनुसार एकेक खडा निवडतात. पॅरिसच्या अत्तराच्या बाटलीची किंमत आणि या निवडणारीची मजुरी यांतील अंतर मोजण्याची तसदी या व्यापारात फार कमी लोकांनी घेतली आहे.

प्राचीन जगाला या खड्याचे वेड होते. इ.स.पूर्व पंधराव्या शतकात इजिप्तची राणी हत्शेप्सुत हिने ‘पुंत’ देशाकडे जहाजे पाठवली; टोपल्यांत मुळांसकट रोवलेली धुपाची झाडे जहाजावर चढवली जात असल्याचे दृश्य दैर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहे. ती झाडे लोबानाची की हिराबोळाची, यावर विद्वानांचे एकमत नाही. हिरोडोटसने तर पंख असलेले साप या झाडांचे रक्षण करतात आणि त्यांना धुराने हुसकावे लागते, अशी कथा नोंदवली. ही कथा कोणी पसरवली असावी याचा अंदाज करणे कठीण नाही. गिऱ्हाइकाला मालाच्या उगमापर्यंत पोहोचू न देणे हे व्यापाऱ्याचे जुने तंत्र आहे.

रोमन लेखक थोरला प्लिनी याने मात्र पहिल्या शतकात व्यापाराचे जे वर्णन केले, ते एखाद्या हिशेबनिसाच्या वहीसारखे आहे. झाडांवर वंशपरंपरागत हक्क असलेली कुटुंबे तीन हजारांहून अधिक नाहीत, असे तो सांगतो. सारा माल हद्रमौतची राजधानी शब्वा येथे आणावा लागे. उंटांना एकाच वेशीतून प्रवेश असे आणि आडवाटेने जाणाऱ्यास देहदंड. तेथे देवाचा दशांश मोजून घेतल्याशिवाय विक्री होत नसे. पुढे कताबान राज्यातून गाझापर्यंत उंटांचे ६५ मुक्काम. वाटेत पुजाऱ्यांना, राजाच्या चिटणिसांना, पहारेकऱ्यांना, पाण्याला, चाऱ्याला पैसे मोजत मोजत भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत एका उंटामागे ६८८ दिनार खर्च येई. अलेक्झांड्रियातील कारखान्यात कामगारांच्या कटिवस्त्रावर मोहोर लावत, तोंडावर जाळी बांधत आणि घरी सोडताना त्यांना विवस्त्र करून झडती घेत. एवढे सोसून रोममध्ये पोहोचलेला उत्तम लोबान सहा दिनारांना एक रत्तल या भावाने विकला जाई. सम्राट नीरोने पत्नी पोपियाच्या अंत्यविधीत जितका धूप जाळला, तितका अरबस्तानात वर्षभरातही पिकत नाही, अशी प्लिनीची तक्रार आहे. त्याच्या रागाचा दुसरा रोख भारताकडे होता, हेही येथे नमूद करावयास हवे. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून साम्राज्यातील दहा कोटी सेस्टर्स दरवर्षी ओढून नेतात, असे त्याने लिहिले.

या व्यापारात पश्चिम भारताचाही हात होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात मोस्का या बंदराचे वर्णन आहे. भडोच आणि मलबारकडील जहाजे परतीच्या वाऱ्याला उशीर झाला की तेथे हिवाळा काढत आणि सुती कापड, गहू व तिळाचे तेल देऊन लोबान भरून नेत. हे मोस्का म्हणजे धोफारमधील खोर रोरी येथील ‘सुम्हुराम’ असावे, असे बहुतेक संशोधक मानतात. विशेष म्हणजे त्याच ठिकाणच्या उत्खननात एका भारतीय स्त्रीमूर्तीचा कांस्यखंड आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरे असलेली खापरी मिळाली आहे. सुम्हुराम, अल-बलीद हे बंदर, शिस्र येथील वाळवंटी ठाणे आणि वादी दौका येथील झाडे यांचा समावेश युनेस्कोने २००० साली जागतिक वारसास्थळांत केला. शिस्र म्हणजे दंतकथेतील हरवलेले उबार शहर, असा बराच गाजावाजा १९९२ मध्ये झाला होता. पुराव्यापेक्षा त्यात उपग्रहचित्रांची जादू अधिक होती, असे अनेक पुरातत्त्वज्ञांचे मत आहे.

धर्मविधीत लोबानाला स्थान मिळाले ते केवळ सुवासामुळे नव्हे. बळीच्या मांसाचा दर्प झाकणे, माश्या-डास दूर ठेवणे ही व्यावहारिक कारणे होतीच. पण दिसतो तरी हाती लागत नाही, आणि वर वर जातो, असा धूर प्रार्थनेचे रूप म्हणून सर्वच धर्मांना भावला. यहुदी मंदिरातील पवित्र धुपाची कृती ‘निर्गम’ या ग्रंथात दिली आहे; चार द्रव्यांत लोबान एक, आणि तो धूप खासगी चैनीसाठी बनवणाऱ्यास समाजातून बहिष्कृत करावे अशी ताकीद. बेथलेहेमला आलेल्या ज्ञानी पुरुषांनी बालयेशूला दिलेल्या सोने, लोबान आणि हिराबोळ या तीन भेटी तर सर्वश्रुत आहेत.

तरीही आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना धुपाचे वावडे होते, आणि त्याचे कारण भीषण आहे. रोमन अधिकाऱ्यांपुढे संशयित ख्रिस्ती माणसाला उभे केले की त्याला सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहण्यास सांगत. वाहिला तर सुटका, नाकारला तर मृत्यू. धाकट्या प्लिनीने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात ही पद्धत नोंदवली आहे. चिमूटभर राळेवर माणसाचे जगणे-मरणे ठरत असे. छळ थांबल्यावर, चौथ्या शतकानंतर, तोच धूप हळूहळू चर्चमध्ये मानाने आला. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये तो ५३ किलो वजनाच्या धुपदाणीतून छताच्या उंचीपर्यंत झोके घेतो आणि दोर ओढायला आठ माणसे लागतात.

ओमानमध्ये मात्र लोबान हा देवळा-मशिदीपेक्षा घराचा विषय आहे. पाहुणा आला की मातीच्या ‘मजमर’मधून धूर फिरवतात, कपडे धुरावर धरतात, पाण्याच्या भांड्याला धूर देतात आणि खडा रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी पितात. सलाला-मस्कतला नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांकडून सुट्टीत पुण्या-मुंबईला येणाऱ्या भेटींत खजुराबरोबर होजरीची पुडीही आता असते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला ओवा, वावडिंग, उदाची धुरी देण्याची चाल आहे. तिच्यामागील माया कोणी नाकारणार नाही. मात्र बंद खोलीतील कोणताही धूर तान्ह्या बाळाच्या श्वसनमार्गाला त्रासदायकच ठरतो, हे लक्षात घेतलेले बरे.

मुंबईचे या झाडाशी असलेले नाते फारसे कोणाला ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकात सोमाली व अरबी लोबान एडन-मकल्लामार्गे मुंबईला येई, येथे निवडून त्याच्या प्रती लावल्या जात आणि मग तो युरोप व चीनकडे रवाना होई. इतका माल हाताळूनही झाड नेमके कोणते, हे युरोपीय शास्त्राला नीट ठाऊक नव्हते. १८४० च्या दशकात अरबस्तानच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ जहाजावरील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी धोफारकडील झाडाचे वर्णन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातील जॉर्ज बर्डवुड यांनी एडनहून आलेली कलमे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, वाढवली आणि त्यांच्या निरीक्षणावरून १८७० साली या प्रजातीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका जातीला कार्टर यांचे, दुसरीला गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे आणि तिसरीला आपले सहकारी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले : ‘बॉसवेलिया भाऊ-दाजिआना’. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ही स्वतंत्र जात न मानता सॅक्रामध्येच तिची गणना करतात. बागेशेजारचे वस्तुसंग्रहालय १९७५ पासून भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. सोमाली डोंगरातील एका सुगंधी झाडालाही त्यांचे नाव दिले गेले होते, हे तेथे जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

आपल्या राज्यातही लोबानाचे एक झाड आहे, आणि ते परके नाही. सालई. शास्त्रीय नाव ‘बॉसवेलिया सेराटा’. सातपुडा, मेळघाट, खानदेश आणि विदर्भातील कोरड्या, खडकाळ उतारांवर सालईची रानेच्या राने आहेत. सालई नावाची गावेही विदर्भात आहेत. संस्कृतात ही ‘शल्लकी’. हत्ती तिचा पाला आवडीने खातात म्हणून तिला ‘गजभक्ष्या’ असेही म्हणतात. हिची राळ अरबी लोबानापेक्षा मऊ व चिकट असते; ‘सालई गुग्गुळ’ म्हणून ती विकली जाते आणि अगरबत्ती व औषधे यांत जाते. लाकूड हलके, म्हणून ते खोक्यांसाठी आणि आगकाड्यांसाठी गेले. इतकेच नव्हे, बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगर येथील देशाच्या पहिल्या वृत्तपत्री कागदाच्या कारखान्यातही सालईच्या लाकडाचा लगदा होत असे. पूर्वी ज्या कागदावर आपली वृत्तपत्रे निघाली, त्यातील काही भाग या धुपाच्या झाडाचा होता.

सालईचे औषधी महत्त्व आयुर्वेदाला जुने आहे. आधुनिक संशोधनाने तिच्या राळेतील बॉसवेलिक आम्ले वेगळी केली. ती शरीरातील दाह वाढवणाऱ्या एका विकराला आवर घालतात, असे दिसून आले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात यावर काम झाले. नागपूर येथे ३० रुग्णांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवातात वेदना व सूज कमी झाल्याचे नोंदले गेले. चाचणी लहान होती. पुढील अभ्यासांतही उपयोग दिसला, परंतु चमत्कार नव्हे. जेरुसलेमच्या संशोधकांनी २००८ साली लोबानातील ‘इन्सेन्सोल अॅसिटेट’ हे द्रव्य उंदरांची भीती कमी करते असे दाखवले आणि ‘धुपाने मन शांत का होते ते सापडले’ अशा बातम्या झळकल्या. उंदीर आणि भाविक यांत फरक आहे, हे त्या बातम्यांत राहून गेले. आणखी एक गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवावी. बॉसवेलिक आम्ले जड असतात, ती उडनशील तेलात उतरत नाहीत. म्हणून संधिवातावर किंवा कर्करोगावर ‘बॉसवेलिक आम्लयुक्त’ म्हणून विकले जाणारे लोबानाचे सुगंधी तेल ही शुद्ध फसवणूक होय.

हे तेल जगभर लोकप्रिय झाले, मागणी वाढली आणि भार झाडावर पडला. झाड घाव सोसते, पण विश्रांती मिळाली तर. वर्षातून काही महिने आणि काही वर्षांतून एकदा पूर्ण वर्ष त्याला मोकळे सोडण्याची जुनी वहिवाट होती. भाव चढले आणि ती सुटली. एरिट्रियात केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की न छेदलेल्या झाडांच्या शंभर बियांतील ऐंशीहून अधिक रुजतात, तर सतत छेदलेल्या झाडांच्या बियांपैकी जेमतेम सोळा. जो रस बीजाला पोसणार, तो धुपाटण्यात जातो. २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’ या नियतकालिकात इथिओपिया व शेजारच्या देशांतील पॅपिरिफेरा रानांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीन चतुर्थांशांहून अधिक रानांत लहान झाडेच नव्हती. कित्येक दशकांत नवे रोप तग धरून वाढलेले नाही. उभी असलेली म्हातारी झाडे भुंगेऱ्यांच्या अळ्या व वणवे यांनी पडत आहेत, रोपे गुरे खातात. हेच चालू राहिले तर वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

उपाय अवघड नाहीत. इथिओपियात कुंपण घातलेल्या काही रानांत गुरे व आग दूर ठेवताच रोपे पुन्हा दिसू लागली. बॉसवेलियाच्या फांद्या रोवूनही नवी झाडे होतात; आपल्या सालईचा तर तो गुणच आहे. प्रश्न आहे तो पंचवीस वर्षे कळ काढून कुंपण राखण्याच्या खर्चाचा. खडा विकणाऱ्या साखळीत तो कोणी उचलावा, हे अजून ठरलेले नाही.